ऐंशीच्या दशकातलं न्यू वेव्ह: नेहमीच्या त्याच गाण्यांपलीकडे काय ऐकू?

निवांतश्रोती:

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. ऐंशीच्या दशकातलं न्यू वेव्ह, म्हणजे पंक रॉकनंतर आलेलं सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि गिटारचं इंग्रजी पॉप, ऐकायचं म्हणून कुठलीही प्लेलिस्ट लावा, फिरून फिरून तीच गाणी. आ-हा झालं, युरिथमिक्स झालं, डुरान डुरान, टिअर्स फॉर फिअर्स, की परत आ-हा. ही गाणी मला आवडतात, पाठ आहेत, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण अख्ख्या दहा वर्षांत एवढे बँड, एवढी लेबलं, दर आठवड्याला नवे सिंगल्स, आणि त्यातून आपल्या वाट्याला ही मूठभरच गाणी यावीत हे काही पटत नाही.

हे डोक्यात यायचं कारण टॉक टॉक हा बँड. 'इट्स माय लाइफ' मला नो डाउट या बँडमुळे माहीत होतं, त्यांनी ते २००३ साली केलं होतं, मूळ गाणं १९८४चं आहे हे कळल्यावर ते शोधून ऐकलं, मग सहज पुढचे अल्बम लावत गेले. १९८६चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' फारच आवडला. आणि मग १९८८चा 'स्पिरिट ऑफ ईडन' लावला तर हा तोच बँड आहे यावर विश्वासच बसेना. पहिल्याच गाण्यात कितीतरी वेळ नुसता लांबून येणारा ट्रम्पेट, मध्येच सगळं जवळजवळ थांबतं, मग हळूच गिटार आणि ड्रम्स सुरू होतात, आणि पुढे एक माउथ ऑर्गन असा काही फाटक्या आवाजात घुसतो की अंगावर काटा येतो. मार्क हॉलिस गायला लागतो तेव्हा वाटतं हा कुणाला ऐकवायला गातच नाहीये, स्वतःशी बोलतोय आणि आपण शेजारी बसलोय. सहा वर्षांपूर्वी हीच माणसं चकचकीत सिंथ-पॉप वाजवत होती!

तर जाणकारांनो, असं अजून काय काय पडून आहे? आणि ते शोधायचं कसं, कारण अल्गोरिदमवर सोडलं तर तो मला परत आ-हाकडेच आणून सोडतो. नुसत्या बँडच्या नावांची यादी दिलीत तरी चालेल पण एखाद्या अल्बमबद्दल दोन ओळी सांगितल्यात तर जास्त आवडेल. आणि एक प्रामाणिक शंका, हे बँड खरंच अन्याय होऊन मागे पडले की तेवढे चांगले नव्हते म्हणून?

क्रेडिटवाचक:

अगदी योग्य ठिकाणाहून सुरुवात केलीत.

मी तर म्हणेन 'विसरलेली शंभर गाणी' छापाच्या याद्या सरळ बाजूला ठेवा आणि जो अल्बम आवडलाय त्याच्या कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा. प्रोड्यूसर कोण, इंजिनिअर कोण, लेबल कुठलं, पाहुणे वादक कोण. त्यातलं एक नाव धरायचं आणि ते नेईल तिकडे जायचं.

टॉक टॉकचंच घ्या ना. त्यांचा पहिला अल्बम १९८२चा 'द पार्टीज ओव्हर', तो कॉलिन थर्स्टनने प्रोड्यूस केला आणि डुरान डुरानचे पहिले दोन अल्बमही त्याचेच, म्हणून तुम्हाला तो चकचकीतपणा जाणवला. दुसऱ्या अल्बमपासून प्रोड्यूसर म्हणून टिम फ्रीझ-ग्रीन आला, हॉलिसबरोबर गाणी लिहायला लागला आणि तिथून बँडचा रंगच पालटत गेला. आता गंमत बघा, हाच टिम फ्रीझ-ग्रीन १९८२ साली टाइट फिट नावाच्या ग्रुपचं 'द लायन स्लीप्स टुनाइट' करत होता, ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, अगदी उघड उघड बाजारासाठी केलेलं गाणं. तिथून सहा वर्षांत 'स्पिरिट ऑफ ईडन'. कान तोच, हात तोच, फक्त समोर हॉलिस आल्यावर त्याला वेगळंच काहीतरी करायची मोकळीक मिळाली असं मला वाटतं.

फ्रीझ-ग्रीनने थॉमस डॉल्बीबरोबर 'शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स' पण केलंय. म्हणजे तिथून डॉल्बीकडे जा. आणि डॉल्बीकडून प्रीफॅब स्प्राउट या बँडकडे, आणि इथे मात्र बस्तान मांडा, घाईने पुढे जाऊ नका. डॉल्बीने प्रोड्यूस केलेला त्यांचा १९८५चा 'स्टीव्ह मॅक्वीन'. गाणी पॅडी मॅकअलूनची, इंग्लंडच्या डरम परगण्यातला माणूस, एकेका ओळीत एवढं भरून ठेवतो की पहिल्यांदा ऐकताना निम्मं निसटतं. कॉर्ड्स अशा की गाणं आता अमुक जागी जाईल असं आपण धरून चालतो आणि ते भलतीकडेच वळतं, तरी चाल तुटत नाही. त्याच्या मागे वेंडी स्मिथचा आवाज. ती फारसं गातही नाही, नुसती श्वासासारखी येऊन जाते, पण हेडफोन लावून एकदा फक्त तिच्याकडेच लक्ष देऊन ऐका, प्रत्येक गाण्यात ती कुठे येते आणि कुठे गप्प राहते ते. डॉल्बीने हे सगळं इतकं हळुवार मांडलंय की सिंथ कुठे संपतो आणि तिचा आवाज कुठे सुरू होतो कळत नाही. अमेरिकेत हाच अल्बम 'टू व्हील्स गुड' नावाने निघाला, अभिनेत्याच्या नावावरून अडचण आली म्हणून, शोधताना घोळ होऊ नये म्हणून सांगतोय.

अशीच अजून एक वाट. अमेरिकन बँड स्टीली डॅनचा वॉल्टर बेकर माहीत असेल तर त्याने प्रोड्यूस केलेला चायना क्रायसिसचा 'फ्लॉन्ट द इम्परफेक्शन' (१९८५) ऐका. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीची साधी पोरं आणि अमेरिकेतला तो काटेकोर म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस, जमलंय मात्र मस्त.

अन्याय झाला का, या शंकेला माझ्याकडे एक जोडी आहे. १९८१ साली कोरोव्हा नावाच्या एकाच लेबलवर दोन अल्बम आले, दोन्हीचा प्रोड्यूसर ह्यू जोन्स. एक एको अँड द बनीमेनचा 'हेवन अप हिअर', दुसरा द साउंडचा 'फ्रॉम द लायन्स माउथ'. एक बँड मोठा झाला. दुसरा किती जणांनी ऐकलाय? दोन्ही लागोपाठ ऐका आणि तुम्हीच ठरवा.

बीसाइड:

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण अन्याय अन्याय म्हणताना जरा थांबूया. यातले कितीतरी लोक त्या काळी चांगले चार्टवर होते. असोसिएट्सचं 'पार्टी फिअर्स टू' १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये नवव्या नंबरवर गेलं. जपान या बँडचं 'घोस्ट्स' त्याच वर्षी पाचव्या नंबरवर, आणि त्या गाण्यात धड ड्रम्सही नाहीत! म्हणजे लोकांनी ऐकलं होतं, डोक्यावर घेतलं होतं, नंतर विसरले. आणि विसरण्याची कारणं बऱ्याचदा बँडच्या आतच असतात. असोसिएट्स म्हणजे बिली मॅकेन्झी आणि अ‍ॅलन रॅन्किन, दोघेच. 'सल्क' अल्बम गाजतोय आणि अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर मॅकेन्झीने माघार घेतली, रॅन्किन सोडून गेला, संपलं. एक्सटीसी या बँडने १९८२ मध्ये दौरे करणंच बंद केलं, त्यांचा गायक अँडी पार्ट्रिज याला स्टेजवर उभंच राहवेना. त्या काळात दौरा नाही म्हणजे अमेरिकेत तुम्ही नाहीतच जवळजवळ.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ओएमडी (ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क) हा बँड. १९८१चा त्यांचा 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' तुफान खपला, त्यातली तीन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचात गेली. त्याच्या जोरावर त्यांनी १९८३ मध्ये काय काढलं तर 'डॅझल शिप्स'. पहिला ट्रॅक म्हणजे प्राग रेडिओची ओळखधून. एक ट्रॅक नुसता वेगवेगळ्या देशांच्या बोलत्या घड्याळांचा, टेलिफोनवर वेळ सांगणारे आवाज एकावर एक रचलेले, गाणं नाही काही नाही. शॉर्टवेव्हचा खरखराट, बोलणाऱ्या खेळण्याचा यांत्रिक आवाज, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चार-पाच अतिशय सुंदर, दुःखी गाणी. लोकांना काही कळेना. खप कोसळला. पुढच्याच वर्षी 'जंक कल्चर' घेऊन ते सरळ पॉपकडे परतले आणि असं धाडस परत केलं नाही. आज तोच 'डॅझल शिप्स' लोक त्यांचं सर्वात मोठं काम म्हणतात. मला ते पूर्ण मान्य आहे, पण एकेक गाणं उचलून ऐकलंत तर काहीच हाती लागणार नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायचा अल्बम आहे तो.

आणि हेही सांगतो की मागे पडलेलं सगळंच सोनं नसतं. एक बरं सिंगल आणि बाकी भरताड असे अल्बम त्या दशकात ढिगाने निघाले. ते सोडून द्यायला काहीच हरकत नाही.

दूरचंस्टेशन:

सगळे इंग्लंड-स्कॉटलंडमध्येच फिरताय! खरा खजिना बाहेर आहे आणि तो कुणी लपवलेला नाही, फक्त भाषा वेगळी किंवा अंतर जास्त म्हणून आपल्यापर्यंत आला नाही.

पहिलं, युगोस्लाव्हिया. हो, तेव्हाचा युगोस्लाव्हिया. तिथे 'नोव्ही तालास' म्हणजे न्यू वेव्ह इतकी जोरात होती की आजही ऐकताना नवल वाटतं. सुरुवात १९८१च्या 'पाकेत अरांजमान' या संकलनापासून करा, बेलग्रेडचे तीन बँड आहेत त्यात, इदोली, एलेक्ट्रिच्नी ऑर्गझम आणि शार्लो अक्रोबाता. मग इदोलीचा १९८२चा 'ओद्ब्राना इ पोस्लेद्नी दानी'. ऑर्थोडॉक्स चर्चच्या संगीताचा रंग आणि टोकदार गिटार एकत्र, असं मी दुसरीकडे कुठेच ऐकलं नाही. १९९८ मध्ये युगोस्लाव्ह रॉक-पॉपच्या शंभर अल्बमची यादी असलेलं पुस्तक निघालं त्यात हाच पहिला आला. शार्लो अक्रोबाता फुटल्यावर मिलान म्लादेनोविचने एकातारिना वेलिका काढला, त्यात मार्गिता स्तेफानोविचचा कीबोर्ड. शब्द एक कळत नाही मला, तरी त्यांचे अल्बम परत परत लावते.

दुसरं, न्यूझीलंड. फ्लाइंग नन नावाचं लेबल, १९८१, क्राइस्टचर्च, एका रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेपर्डने सुरू केलेलं. द क्लीनचं 'टॅली हो!' साठ डॉलरमध्ये रेकॉर्ड झालं आणि तिथल्या चार्टवर १९व्या नंबरवर गेलं. ऐकलंत तर कळेल का. ऑर्गनचा तो सूर इतका आनंदी आहे की रेकॉर्डिंग कच्चं आहे हे दुसऱ्या सेकंदाला विसरायला होतं. आणि द चिल्सचं 'पिंक फ्रॉस्ट' (१९८४). सुरुवात उड्या मारत होते आणि काही क्षणात गाणं एकदम थंड पडतं, अंधारून येतं, ते शेवटपर्यंत. बँडचा ड्रमर मार्टिन बुल १९८३ मध्ये ल्युकेमियाने गेला, गाणं त्याला वाहिलंय. हे माहीत नसतानाही ते मनाला लागतं, माहीत झाल्यावर तर सलग ऐकवत नाही.

तिसरं ऑस्ट्रेलिया. द ट्रिफिड्स, पर्थचे. १९८६चा 'बॉर्न सँडी डिव्होशनल' लंडनमध्ये रेकॉर्ड केला पण त्यात अंतर, उन्हाचा भगभगाट आणि रिकामे रस्ते सोडून दुसरं काही नाही. नंतर पैशाची चणचण म्हणून पुढचा 'इन द पाइन्स' त्यांनी मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये जाऊन रेकॉर्ड केला. आणि द गो-बिट्वीन्स, ब्रिस्बेनचे, एकही मोठं हिट नाही त्यांचं, पण २०१० मध्ये त्यांच्या शहराने एका पुलाला त्यांचं नाव दिलं. '१६ लव्हर्स लेन' ऐका (१९८८). दोन गीतकार, रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅकलेनन, दोघांचे स्वभाव पूर्ण वेगळे आणि दर गाण्याला ते कळतं.

फ्रेटलेस:

जपानचं (बँड हो, देश नव्हे) नाव आलंच आहे तर 'टिन ड्रम' (१९८१) अख्खा ऐका, खास करून मिक कार्नचा बेस. पडद्यांशिवायचा बेस वाजवतो तो, सूर एका जागी थांबतच नाही, घरंगळत येतो आणि घरंगळत जातो, चाल बेसच वाहतो आणि बाकी सगळे त्याच्या भोवती. आणि मग या बँडचा गायक डेव्हिड सिल्व्हियन याच्यावरून र्‍युइची साकामोतो, तिथून यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, तिथून युकिहिरो ताकाहाशीचा 'न्यूरोमँटिक' (१९८१) ज्यात रॉक्सी म्युझिकचे फिल मँझनेरा आणि अँडी मॅके वाजवतात. क्रेडिटवाचक यांची युक्ती इथेही लागू पडते बघा, देशांच्या सीमा ओलांडून.

टेपहिस:

उशिरा आलो, पण एक मुद्दा राहिलाय. हे संगीत मागे पडायचं एक कारण म्हणजे त्याचा आवाज. नव्वदच्या दशकात लोकांना हा आवाज एकदम जुनाट वाटायला लागला आणि त्यासोबत गाणीही अडगळीत गेली.

दोन गोष्टी ओळखता आल्या की बरंच कळतं. एक, ड्रमचा तो 'ढाड' करून फुटणारा आणि मग कापल्यासारखा बंद होणारा आवाज. गेटेड रिव्हर्ब. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या १९८०च्या तिसऱ्या अल्बमवर फिल कॉलिन्स ड्रम्स वाजवत होता, इंजिनिअर ह्यू पॅडहॅम. वादकांचं बोलणं ऐकायला खोलीत जो माइक टांगलेला असतो त्याच्यातून ड्रम्स प्रचंड दाबून आले आणि त्यांना तो आवाज आवडला. त्याला गेट लावला, म्हणजे घुमणारा आवाज विरायच्या आतच तोडला. मूळ गाण्यात ते भीतिदायक आहे. पण नंतर सगळ्यांनी ते प्रत्येक गाण्यावर थापलं. दुसरी गोष्ट यामाहा डीएक्स७ हा सिंथ, १९८३. त्यातलं आवाज घडवायचं एफएम तंत्र स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगचं. त्यावर स्वतःचे आवाज बनवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले, म्हणून तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो तुम्हाला त्या काळातल्या प्रत्येक हळव्या गाण्यात ऐकू येतो.

आणि याच यंत्रांवर ज्यांनी डोकं लावलं त्यांच्याकडे बघा. ऑरेंज ज्यूसने १९८३ मध्ये 'रिप इट अप'मध्ये रोलँडचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र वापरलं, ज्याला तेव्हा बाजारात कुणी विचारत नव्हतं, आणि गाणं टॉप टेनमध्ये गेलं. किंवा ग्लासगोचे द ब्लू नाईल, तिघेच जण. पहिला अल्बम 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' १९८४, लिन नावाच्या हाय-फाय टर्नटेबल बनवणाऱ्या कंपनीच्या लेबलवर. दुसरा 'हॅट्स' थेट १९८९ मध्ये. ड्रम मशीन आणि सिंथच आहेत सगळे, पण प्रत्येक आवाजाच्या भोवती एवढी रिकामी जागा सोडलीय की पॉल ब्युकॅननचा आवाज भरून आला की आपल्यालाही भरून येतं. स्पिरिट ऑफ ईडन आवडणाऱ्याला 'हॅट्स' आवडणारच, पैजेवर सांगतो.

आवृत्तीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रीमास्टर (जुनं रेकॉर्डिंग नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती) म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका. पुष्कळदा नुसता आवाज चढवलेला असतो, हळू आणि जोरात यातला फरकच मारून टाकलेला, आणि 'स्पिरिट ऑफ ईडन'सारख्या अल्बममध्ये तर तो फरकच सगळं काही आहे. उलट बाजू म्हणजे एक्सटीसीचा 'स्कायलार्किंग' (१९८६, प्रोड्यूसर टॉड रंडग्रेन). कुठेतरी वायरिंगची चूक झाली आणि अख्खा अल्बम उलट्या पोलॅरिटीत, म्हणजे ध्वनिलहरीचे चढ-उतार उलटे होऊन, निघाला. वर्षानुवर्षं लोक म्हणायचे याचा बेस पातळ का वाटतो. मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंटच्या ते लक्षात आलं आणि २०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. तीच शोधा. जुनी आणि ती शेजारी ठेवून ऐका, बेस आणि ड्रम्स पुढे येऊन उभे राहतात.

निवांतश्रोती:

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सगळं ऐकून झालेलं नाही, पण ती द साउंड आणि बनीमेनची जोडी मात्र लगेच ऐकली. माझं मत सांगू का, 'हेवन अप हिअर' जास्त भव्य आहे, इअन मॅकलकचा आवाज असा की मान वळवून बघावंच लागतं, तो स्टार होणार हे ऐकतानाच कळतं. 'फ्रॉम द लायन्स माउथ'मध्ये एड्रियन बोरलंड तसा नाही, तो मुद्दाम काही करत नाही, अगदी सरळ, जिवाच्या आकांताने गातो. पण पहिलंच गाणं, 'विनिंग', त्यात कीबोर्ड हळूहळू वर चढत जातो आणि तो आपण बुडत होतो आणि मग ठरवलं की नाही बुडायचं असं काहीतरी सांगतो, ते मला बनीमेनच्या अख्ख्या अल्बमपेक्षा जवळचं वाटलं. नंतर वाचलं की बोरलंड १९९९ मध्ये गेला, आणि मग ते गाणं ऐकणं अजूनच अवघड झालं. म्हणजे बीसाइड, तुमचं म्हणणं बरोबर आहे की प्रत्येक वेळी कुणी अन्याय केलेला नसतो, पण इथे मला तरी तो झालाय असंच वाटतं.

'पिंक फ्रॉस्ट' पण ऐकलं. त्यावर आज काही लिहिता येणार नाही.

आता द साउंडच्या आसपासचं अजून काही असेल तर सांगा, त्याच जातीचं, गिटार आणि अंधार.

क्रेडिटवाचक:

आहे की. दोन नावं घ्या. शेफील्डचे द कॉमसॅट एंजल्स, १९८१चा 'स्लीप नो मोअर'. ड्रम्स एवढे मोठे आणि एवढे लांब की रिकाम्या इमारतीत कुणी वाजवतंय असं वाटतं, गिटार फक्त गरजेपुरतं. नाव जे. जी. बॅलर्डच्या कथेवरून घेतलं, पण अमेरिकेत कॉमसॅट नावाच्या कंपनीने हरकत घेतली म्हणून तिकडे सी. एस. एंजल्स असं करावं लागलं, जुन्या अमेरिकन प्रती शोधाल तर या नावाने.

आणि मँचेस्टरजवळच्या मिडलटनचे द कमेलिअन्स, 'स्क्रिप्ट ऑफ द ब्रिज', १९८३. रेज स्मिथीज आणि डेव्ह फील्डिंग, दोन गिटार, दोन्हींवर डिले (प्रतिध्वनीसारखा परिणाम), एक डाव्या कानात एक उजव्या, आणि दोघे एकमेकांना उत्तरं देत राहतात. हे मात्र स्पीकरवर नको, हेडफोनवरच ऐका. अमेरिकन आवृत्तीत चार गाणी गाळली होती, त्यामुळे घेताना बारा गाण्यांची प्रत आहे ना ते बघून घ्या.